आठवणीपासून सुरुवात : ख्रिस्ती विश्वास सेवेत आणि भरवशात कसा उतरवावा

ख्रिस्ती विश्वास प्रत्यक्ष जगण्यात उतरवायचा असे मनाशी ठरवले की बहुतेक जण सेवेपासून सुरुवात करतात. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, एखाद्या कामाला नाव देतात, आजाऱ्यांच्या भेटी सुरू करतात, दानाची रक्कम वाढवतात, आणि काही महिन्यांतच थकून किंवा मनात कडवटपणा घेऊन मागे फिरतात. दुसरे काही जण भरवशापासून सुरुवात करतात. चिंता वाटली की ‘माझा विश्वासच कमी आहे’ असे म्हणून स्वतःला दटावत राहतात, आणि दटावल्याने विश्वास वाढत नसतो हे त्यांच्या फार उशिरा लक्षात येते. या लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे : आधी स्मरण, स्मरणातून सेवा, आणि सेवा करताना जिथे आपले बळ संपते तिथे भरवसा.

हा क्रम माझ्या पदरचा नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात शेतकऱ्याला अशी आज्ञा आहे की, कापणीच्या वेळी शेतात एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणायला त्याने माघारी जाऊ नये. परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ती तिथेच राहू द्यावी. या आज्ञेला जोडलेले कारण एका वाक्याचे आहे : तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास याची आठवण ठेव. पेंढी विसरली तर विसरू दे, दास्य मात्र विसरू नकोस, असा तो व्यवहार आहे. पवित्र शास्त्रात ‘आठवण करणे’ हे क्रियापद मनातल्या मनात कधीच संपत नाही. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात देव नोहाची आठवण करतो आणि लगेच वारा सुटून पाणी ओसरू लागते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो आपल्या कराराची आठवण करतो आणि पुढच्याच अध्यायात मोशेला जळत्या झुडपातून हाक येते. ज्या आठवणीनंतर हातपाय हलत नाहीत, तिला शास्त्राच्या भाषेत आठवण म्हणता येईल की नाही, याबद्दल मला शंका आहे.

स्मरणाची वही

पहिले काम अगदी साधे आहे. एक वही घ्यावी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तिच्यात तीनच ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत आज काय मिळाले ते लिहावे, दुसऱ्या ओळीत ते कोणाच्या हातून मिळाले ते, आणि तिसऱ्या ओळीत आज आपण कोणाला उणे पडलो ते. भावना लिहू नयेत, घटना लिहाव्यात. ‘आज देवाची कृपा जाणवली’ हे वाक्य वर्षभराने वाचले तर त्यातून काहीही हाती लागत नाही. परंतु ‘ताप उतरला, शेजारच्या बाई दोन वेळा येऊन बसल्या, मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही’ हे वाक्य दहा वर्षांनीही बोलते. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसाचे असे परीक्षण करण्याची शिस्त घालून दिली आणि त्यात पापांची मोजदाद करण्याआधी मिळालेल्या उपकारांबद्दल धन्यवाद देण्याची पायरी ठेवली. हा अनुक्रम पाळण्यासारखा आहे, कारण जो आधी चुका मोजायला बसतो तो बहुधा उपकारांपर्यंत पोचतच नाही.

वहीतील दुसरी ओळ कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. देवाने दिले असे म्हणताना ज्या माणसाच्या हातून दिले त्याचे नाव पुसून टाकण्याची खोड भाविकांना फार लवकर लागते. त्या नावांमधूनच पुढे सेवेची वाट निघते, असा माझा अनुभव आहे.

प्रार्थनेत जे मागितले आणि मिळाले नाही, तेही याच वहीत लिहावे आणि त्याच्यापुढे जागा कोरी सोडावी. नुसत्या मिळालेल्या गोष्टींची वही काही दिवसांनी भाग्याच्या जमाखर्चासारखी दिसू लागते, आणि वाईट दिवसांत ती उघडवत नाही. सत्याहत्तरावे स्तोत्र लिहिणाऱ्याने आधी विचारले की देव दया करायला विसरला काय, आणि हा प्रश्न तसाच ठेवून मग त्याने प्राचीन काळच्या कृत्यांची आठवण काढायला घेतली. त्याची तक्रार आणि त्याचे स्मरण एकाच पानावर आहेत. आपल्याही वहीत ती तशीच असावीत.

पहिल्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात शमुवेल एक दगड उभा करतो, त्याला एबन-एजर म्हणजे साहाय्याचा पाषाण असे नाव देतो आणि म्हणतो की येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे. हे नाव त्या ग्रंथात पूर्वी एकदा येऊन गेलेले आहे आणि तो प्रसंग फार लाजिरवाणा आहे : एबन-एजर येथेच इस्राएलाचा पराभव झाला होता आणि तेथूनच कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, शत्रू पलिष्ट्यांनी उचलून नेला होता. ज्या नावाला पराभव चिकटलेला आहे, त्याच नावाने साहाय्याची खूण उभी राहते. ‘येथवर’ हा शब्दही मोजून वापरलेला आहे, कारण उद्याबद्दल तो काहीच सांगत नाही. आठवड्यातून एकदा वही वाचताना शेवटी हाच शब्द लिहून तारीख घालावी.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदी ओलांडताना उचललेले बारा दगड पुढे मुलांनी ‘या दगडांचा अर्थ काय’ असे विचारावे म्हणून उभे केले आहेत, म्हणजे स्मरण हे प्रश्न विचारला जाईल अशा जागी ठेवण्याची वस्तू आहे. घरात मुले असतील तर महिन्यातून एकदा वहीतील एखादी नोंद त्यांना वाचून दाखवावी, आणि ती शक्यतो अशी असावी की जिच्यात आईवडिलांची चूकही उघडी पडलेली आहे. मुलांना निष्कलंक साक्षींवर विश्वास बसत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे.

मेजाजवळचे स्मरण आणि मृतांचे स्मरण

‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे प्रभू येशूचे शब्द लूकच्या शुभवर्तमानात आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात आहेत, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, वेळी ते आपण इतक्या वेळा ऐकतो की कानाला त्यांची सवय होऊन जाते. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते शब्द कोणत्या प्रसंगी उद्धृत केले आहेत हे मात्र अकराव्या अध्यायात पुन्हा एकदा वाचून पाहावे. करिंथ येथील मंडळीत काही जण आधीच भरपेट जेवून घेत होते, पिऊन झिंगत होते, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत होते. पौल म्हणतो, याला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही. उपाशी माणूस दिसेनासा झाला की त्या मेजावरचे स्मरणही मोडते, एवढा थेट संबंध त्याने जोडला आहे.

म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे मत्तय ५:२३-२४ प्रमाणे, ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असा कोणी आठवतो का ते पाहावे, आणि आठवला तर त्याच्याशी बोलून घ्यावे. दुसऱ्याने आपले काय बिघडवले याची यादी इथे मागितलेली नाही. दुसरी म्हणजे उद्या जे येऊ शकणार नाहीत अशा आजारी, वृद्ध किंवा दुरावलेल्या एकाचे तरी नाव लिहून ठेवावे आणि उपासनेनंतर त्याच्याकडे जावे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधील ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात भाकर आणि द्राक्षारस यांचा वाटा सेवकांच्या हाती गैरहजर असलेल्यांकडे पाठवला जाई असे म्हटले आहे, आणि त्याच वेळी जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाई, अशीही नोंद आहे. उपासना आणि मदतकार्य यांची दोन खाती त्या लोकांनी केलेली दिसत नाहीत.

आपल्या मृतांच्या बाबतीत मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा मृतांसाठी प्रार्थना करतात, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या करत नाहीत. या बाबतीत वाचकाने आपल्या मंडळीची शिकवण पाळावी. मृतांबद्दल देवाचे आभार मानण्यास मात्र कोणाचीच हरकत नसते. ही पद्धत फार जुनी आहे. स्मुर्णा येथील मंडळीचा अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकात चितेवर चढवून ठार मारण्यात आले, तेव्हा त्या मंडळीने लिहिलेल्या पत्रात त्याच्या हौतात्म्याचा दिवस दरवर्षी जन्मदिवस म्हणून आनंदाने पाळण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. पाश्चात्त्य मंडळीच्या वार्षिक क्रमात १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला सर्व मृत विश्वासणाऱ्यांचा दिवस येतो.

स्मृतिदिन पाळण्याची सर्वांत चांगली रीत मला प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात सापडते. यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावते. येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवतात. तिच्या गुणांचे वर्णन त्यांना करावे लागत नाही. आपल्या गेलेल्या माणसाच्या दिवशी फुले वाहून झाल्यावर, ते माणूस हातांनी जे करत असे त्यातले एखादे काम त्या दिवशी आपण करावे : ते पत्रे लिहून विचारपूस करत असेल तर एक पत्र लिहावे, कोणाच्या मुलांना शिकवत असेल तर एक तास शिकवावे. त्याचे दोषही विसरू नयेत. मृताला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा निर्दोष करून ठेवले की त्याच्याकडून शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

सेवा : लहान, ठरलेली, विचारून केलेली

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान असे सहा जण येतात. सहाही जणांची जबाबदारी एका माणसाने अंगावर घेऊ नये. वहीतील दुसरी ओळ काढून पाहावी. कोणत्या अडचणीत असताना आपल्याला कोणी हात दिला होता? जो आजारात सावरला त्याने आजाऱ्याकडे जावे. ज्याला अनोळखी गावी कोणी आसरा दिला त्याने नव्याने आलेल्याकडे पाहावे. एक माणूस, एक काम आणि ठरलेला वार एवढेच पुरेसे आहे. उत्साहाच्या भरात आठवड्यातून पाच वेळा जाऊन तिसऱ्या महिन्यात येईनासा होणारा माणूस, मुळीच न येणाऱ्यापेक्षा अधिक दुखवून जातो.

मदत करण्याआधी विचारावे. आंधळा बार्तीमय ओरडत येशूजवळ आला तेव्हा त्याला काय हवे आहे हे कोणालाही सांगता आले असते. तरीही मार्क १०:५१ मध्ये येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. त्या प्रश्नाने भिकाऱ्याला आपली मागणी स्वतःच्या तोंडाने मांडता आली. आपण बहुधा न विचारताच आपल्याला सोयीची मदत करतो आणि मग समोरच्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा धरतो.

मदतीला मर्यादा असावी की नसावी, हा प्रश्न प्रामाणिक माणसाला छळतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्याचे उत्तर आहे, पण आपण दाखला अर्ध्यावर सोडतो. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला माणूस दिसताच तो शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देऊन आपल्या वाटेने निघून जातो. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही. जखमी माणसाला योग्य हाती सोपवले, खर्च उचलला, आणि परत येईन असा शब्द दिला. सोपवणे म्हणजे टाकून जाणे नव्हे, हे त्याच्याकडून शिकावे. जे काम वैद्याचे, समुपदेशकाचे किंवा वकिलाचे आहे ते त्यांच्याकडे नेऊन द्यावे आणि आपण परत येण्याचा शब्द तेवढा पाळावा.

मंडळीच्या पातळीवर सेवा चालवायची असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, समोर ठेवावा. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना अविश्वासू ठरवले नाही. सात जण निवडून ते काम त्यांच्याकडे दिले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, यावरून ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्याच हाती वाटणी गेली असावी असे दिसते. पैशाच्या बाबतीत पौलही तितकाच काटेकोर आहे : दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की या निधीबाबत कोणी आम्हांला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो, आणि प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते करतो. हिशेब लिहावा, दोघांनी मोजावा, मागेल त्याला दाखवावा. मुलांसोबत किंवा असहाय वृद्धांसोबत काम असेल तर एकट्याने जाऊ नये आणि नियम लेखी असावेत. येथे ‘आपल्यातलाच माणूस आहे’ ही सबब चालवून घेऊ नये.

मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढून ते चारचौघांत फिरवू नये. डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू नये हे वचन छायाचित्रांच्या फार आधीचे असले तरी ते अगदी यांच्यासाठीच लिहिल्यासारखे वाटते. तसेच मदतीला धर्मांतराची किंवा उपासनेला हजर राहण्याची अट जोडू नये. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट ज्युलियन आपल्या पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात चिडून म्हणतो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने रागाने दिलेली ती कबुली मला अनेक प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते.

सेवा घेणे हा सेवेचाच दुसरा अर्धा भाग आहे आणि तो अधिक कठीण आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र पाय धुऊन घ्यायला नकार देतो आणि येशू त्याला सांगतो की मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. जो आजारपणातही ‘मला कोणाची गरज नाही’ असे म्हणतो, त्याच्या सेवेत हळूहळू वरचढपणा शिरतो.

आणि थकवा आला तर? पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. दोन वेळा उठवून खायला-प्यायला देतो आणि मध्ये झोपू देतो. प्रश्न त्यानंतर विचारला जातो. थकलेल्या सेवकाने आधी झोपावे, जेवावे, एखादी पाळी दुसऱ्याला द्यावी, आणि आपल्या पाचारणाचा विचार नंतर करावा.

जिथे आपले बळ संपते

भरवशाचा सराव दिवसाच्या मापाने करावा. रानात इस्राएलाला देवाकडून मिळालेला मान्ना, म्हणजे रोजचे अन्न, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती. साठवण सरसकट वाईट ठरवलेली नाही. भीतीपोटी केलेली साठवण आणि सांगितल्याप्रमाणे केलेली तयारी यांत फरक केलेला आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजचीच रोजची भाकर मागतो. यासाठी एक रीत उपयोगी पडते : चिंता कागदावर लिहावी, मध्ये उभी रेघ ओढावी, एका बाजूला आज माझ्या हातून होणारे काम लिहावे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या हाती नसलेले. पहिली बाजू करून टाकावी. दुसरी बाजू मोठ्याने वाचून प्रार्थनेत मांडावी, आणि फिलिप्पैकरांस चौथ्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे आभारासह मांडावी, म्हणजे त्या वेळी स्मरणाची वही उघडून एक जुनी नोंदही तिथे वाचावी. हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले होते, हे ध्यानात ठेवावे.

भरवसा आणि काटेकोरपणा यांत वैर नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १८३६ मध्ये अनाथगृह सुरू करणारे जॉर्ज म्यूलर यांनी माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, गरज देवापुढेच मांडायची, असा नियम आयुष्यभर पाळला आणि सुमारे १०,००० अनाथ मुलांचा सांभाळ केला. त्यांनी आलेल्या दानांचा बारीक हिशेब ठेवून तो दरवर्षी प्रसिद्ध केला, हे त्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यात फारसे येत नाही. देवावर भरवसा आहे म्हणून औषध टाळणे, कर्ज काढून दान करणे किंवा आर्थिक नियोजन सोडून देणे यांना शास्त्राचा आधार मिळत नाही. कलस्सैकरांस पत्रात लूकचा उल्लेख प्रिय वैद्य असाच आहे.

प्रार्थनेचे फळ मिळालेच पाहिजे अशी अटही भरवशात नसते. भट्टीपुढे उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘सोडवले नाही तरी’ हे शब्द आपल्या प्रार्थनेत यायला कधी कधी वर्षे लागतात, आणि ते दुसऱ्याच्या प्रार्थनेत आपण घालायचे नसतात. शोकाकुल घरात जाऊन ‘देवाची इच्छा होती’ असे म्हणणे टाळावे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.

असेही दिवस येतात की वही उघडवत नाही, प्रार्थना सुचत नाही आणि सेवेची पाळी चुकते. अशा वेळी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, जे अंधारातच संपते आणि तरीही देवालाच उद्देशून आहे. त्यानंतर मंडळीतील एका विश्वासू माणसाला बोलावून आपली वही त्याच्या हाती द्यावी आणि तिच्यातली दोन-तीन पाने आपल्याला वाचून दाखवायला सांगावे. कफर्णहूमात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाने स्वतः काय म्हटले हे मार्काने लिहिलेले नाही. येशूने त्याला वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, एवढेच लिहिले आहे. तो वाचणारा माणूस कोण असेल, हे आपली प्रकृती आणि मन ठीक असतानाच ठरवून ठेवावे आणि त्याला तसे सांगूनही ठेवावे.